डावीकडची खुर्ची

रणजित शेवाळे माझ्याकडे पहिल्यांदा शिकायला आला तो एकटा आला नाही. बरोबर आई-वडील होते, दोन चुलते होते, आणि शनिवार पेठेत गाडी लावायला जागा न मिळाल्याने नदीपात्रापर्यंत गेलेला तिसरा चुलता नंतर घाम पुसत जिना चढून आला. आमच्या दोन खोल्यांत माणसं मावेनात. माझी बायको हेमा स्वयंपाकघराच्या दारातून सगळ्यांकडे एकवार बघून म्हणाली, "अहो, यातलं शिकायचंय कोणाला ते आधी विचारून घ्या."

मी हवाई दलात हवामानाच्या कामावर होतो. निवृत्त झाल्यापासून पायलट होऊ बघणाऱ्या मुलांची लेखी परीक्षेची तयारी करून घेतो. वारे, ढग, नकाशे. मुलं येतात, पास होतात आणि आमचा जिना विसरतात. रणजित विसरला नाही. हे त्याच्या बाजूने आधीच सांगून टाकतो, कारण पुढे त्याच्या बाजूने सांगण्यासारखं फार नाही.

त्याचे वडील गेनबा शेवाळे लोहगावचे. तिथे त्यांची शेती होती. शहर सरकत सरकत गावापर्यंत आलं, गाव महापालिकेत गेलं, अर्ध्या जमिनीवर बिल्डरचे टॉवर उभे राहिले आणि उरलेल्या अर्ध्यावर गेनबांनी 'शेवाळे लॉन्स' नावाचं मंगल कार्यालय काढलं. पैसा आला. पण तो गावात सगळ्यांकडेच आला होता. शेजाऱ्याच्या दारातही तेवढीच मोठी गाडी आणि शेजाऱ्याच्या गळ्यातही तेवढाच जाड गोफ. गेनबांना असं काहीतरी हवं होतं जे शेजाऱ्याला उद्या सकाळी जाऊन विकत आणता येणार नाही. जन्मभर डोक्यावरून विमानं जाताना बघितलेली. त्यांनी ठरवलं, पोरगा कॅप्टन.

"मास्तर, कॅप्टन कधी हुईल ह्यो?" त्यांनी बसता बसता विचारलं.

"बारावीला फिजिक्समध्ये किती मार्क आहेत?"

"ते तुमी बघा. मला कॅप्टन कधी तेवढं सांगा."

रणजित मान खाली घालून सतरंजीचा दोरा ओढत होता. मी त्याला विचारलं, तुला काय व्हायचंय? त्याने आधी वडिलांकडे बघितलं आणि मग म्हणाला, "कॅप्टन." हे उत्तर मला तेव्हाच आवडलं नव्हतं. विमान चालवायचंय, असं म्हणणारी मुलं वेगळी असतात.

पण खोटं कशाला बोलू, पोराचा हात चांगला होता. लेखी परीक्षा दुसऱ्या फेरीत सुटली, पण उडायला शिकवणाऱ्या मास्तरांनी मला फोन करून सांगितलं की हा मुलगा विमान असं उतरवतो की कळतसुद्धा नाही. त्याच्याच तुकडीत शेफाली वानखेडे होती. मूळची चंद्रपूरची, वडील चाकणच्या कारखान्यात, राहायला दिघीला. तिचा हात त्याच्याएवढा चांगला नव्हता. डोकं मात्र जागेवर होतं. दोघांनाही एकाच वर्षी 'नीलपंख एअर' या कंपनीत नोकरी लागली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. विमानात पुढे दोन खुर्च्या असतात. डावीकडे कॅप्टन, त्याच्या खांद्यावर चार पट्ट्या. उजवीकडे को-पायलट, त्याच्या तीन. विमान दोघांनाही चालवता येतं आणि दोघंही ते आळीपाळीने चालवतात, पण शेवटचा शब्द डावीकडचा. उजवीकडून डावीकडे जायला वर्षं लागतात आणि प्रत्येक कंपनीत त्याची एक रांग असते. कंपनी सोडली की रांगेतला नंबर गेला. नव्या कंपनीत पुन्हा सगळ्यांच्या मागे उभं राहायचं. त्यामुळे पायलट लोक बायकोपेक्षा नंबरला जास्त जपतात.

रणजितला नोकरी लागली त्याच आठवड्यात लोहगावात फ्लेक्स लागले. 'गावचे सुपुत्र कॅप्टन रणजित गेनबा शेवाळे यांचे हार्दिक अभिनंदन', खाली शुभेच्छुकांचे गॉगल लावलेले चेहरे, आणि मधे रणजित, कडक पांढरा शर्ट, खांद्यावर चार पट्ट्या.

मी त्याला फोन केला. "तुला तीन मिळाल्यात ना?"

तो हसला. "आबांनी फ्लेक्सवाल्याकडून चौथी मारून घेतली, सर."

"मग उतरव तो."

"आता काय उतरवायचा? दोन-चार वर्षांत होईनच की."

विमानतळावर ड्यूटीला जाताना त्याला रोज त्याच फ्लेक्सखालून जावं लागे. कंपनीच्या गाडीत बाकीचे को-पायलट असत, कधी खरेखुरे कॅप्टनही असत. एका कॅप्टनने गाडी थांबवायला लावली, फ्लेक्सकडे बघून रणजितला कडक सलाम ठोकला आणि म्हणाला, "सर, आज मला उतरवू द्याल का विमान?" गाडीतले सगळे पोट धरून हसले. रणजितही हसला. असल्या हसण्याची माणसाला सवय होते, आणि सवय झाली की काही खरं नसतं.

फ्लेक्सवरून स्थळं आली. वाघोलीच्या एका मोठ्या कॉन्ट्रॅक्टरची मुलगी, संस्कृती. पत्रिकेत 'कॅप्टन' छापलं, मांडवाच्या कमानीवर थर्माकोलचं विमान लावलं, आणि भटजींनीही मंगलाष्टकात कुठेतरी कॅप्टन घुसवलं. मी जेवायला बसलो होतो, मला ठसका लागला. संस्कृतीला खरं काय ते लग्नानंतर कळलं. ती हुशार मुलगी. तिने भांडण केलं नाही. "मम्मीला नको सांगायला," एवढंच म्हणाली आणि नवऱ्याच्या त्या चौथ्या पट्टीची वाट बघायला लागली.

मग नीलपंख आजारी पडली. आधी पगार उशिरा यायला लागले, मग अर्धे यायला लागले, मग फक्त पगार येणार असल्याच्या बातम्या येऊ लागल्या. परगावी मुक्कामाला गेल्यावर हॉटेलवाले खोलीची किल्ली देण्याआधी कंपनीला फोन लावू लागले. धावपट्टीच्या कडेला दोन विमानं इंजिनं काढून उभी होती. ती इंजिनं दुसऱ्या विमानांना लावलेली. कॅप्टन लोकांनी हे बघितलं आणि एकेक करून दुसऱ्या कंपन्यांची वाट धरली. जाताना प्रत्येकजण मागच्यांना सांगून गेला की तुम्ही थांबा, कंपनी सावरतेय. कारण सगळ्यांनीच एकदम उड्या मारल्या तर समोरच्या कंपनीत भाव पडतो. या धंद्यातली मैत्री ही अशी असते.

त्या दिवाळीला रणजित आणि शेफाली पाडव्याच्या सकाळी आमच्याकडे आले. शेफालीने पेढे आणले होते. तिला दुसऱ्या एका धडधाकट कंपनीने घेतलं होतं.

"सर, अजून एक जागा आहे," ती म्हणाली. "मी याचं नाव दिलंय. याची टेस्ट झाली, हा पास झाला, आणि हा सही करत नाहीये. विचारा त्याला."

मी रणजितकडे बघितलं.

"सर, तिथे को-पायलट म्हणूनच घेतायत," तो म्हणाला. "शेवटचा नंबर. कॅप्टन व्हायला परत सात-आठ वर्षं. इथे माझ्या पुढचे सगळे चाललेत. दर आठवड्याला माझा नंबर वर जातोय. पुढच्या उन्हाळ्यात कमांड, डावीकडची खुर्ची. नक्की."

"अरे, पण कोणत्या विमानाची कमांड?" शेफाली म्हणाली. "लॉजिक काय आहे तुझं? भाड्याची विमानंच परत चाललीत!"

"सगळी नाही जाणार."

मी त्याला म्हटलं, "रणजित, एसटीच्या थांब्यावर रांग भराभर कमी झाली तर तुला वाटतं गाडी आली. बाकीच्यांना कळलेलं असतं की ती येणार नाही, म्हणून ते रिक्षा करून गेलेले असतात."

तो हसला. त्याला माझी बोलणी आवडायची, म्हणजे ऐकायला आवडायची. हेमाने फराळाची ताटली त्याच्यापुढे सरकवली आणि म्हणाली, "अनारसे खा. पगार येत नाही तर घरी काय खातोस?" तेव्हा मात्र त्याचं तोंड उतरलं.

जाताना शेफाली मागे राहिली. "सर, त्याचा प्रॉब्लेम नीलपंख नाहीये. त्याच्या घरी त्याला तीन पट्ट्या दाखवता येत नाहीत. को-पायलटला सोडायचं तर सहा महिने आधी नोटीस द्यावी लागते. त्याने आत्ता नाही दिली तर मग संपलं. तुम्ही त्याच्या वडिलांशी बोला ना."

मी लोकांच्या घरी जाऊन उपदेश करणारा माणूस नाही. पण तो हात वाया जाताना बघवेना, म्हणून गेलो. गेनबा लॉन्सवर खुर्च्या मोजून घेत होते. मला बघून त्यांनी मांडवातल्या सोफ्यावर बसवलं, ज्यावर आदल्या दिवशी कुणीतरी नवरा-नवरी बसून गेले होते आणि अक्षता अजून तशाच होत्या.

मी सगळं समजावून सांगितलं. कंपनी बुडतेय. दुसरी चांगली आहे. काही वर्षं उजवीकडे बसेल, पण बसेल तरी.

गेनबांनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हंजी मास्तर, आता हाय त्यापेक्षा खाली?"

"खाली नाही हो. आहे तिथेच."

"आता त्यो कॅप्टन हाय."

"अहो शेवाळे, तो कॅप्टन नाही. तुम्हालाही माहितीये."

"मला म्हाईत हाय. तुमाला म्हाईत हाय. गावाला कुठं म्हाईत हाय?" त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "उद्या त्यो नव्या कंपनीत गेला आन् कुणी गाववाला बसला त्या विमानात. आन् त्यांनी आत सांगितलं, ह्ये कॅप्टन अमुक आन् ह्ये त्येंचे मदतनीस शेवाळे. व्याह्याला काय तोंड दाखवू? पोरगी कॅप्टनला दिलीय त्यांनी."

"आणि कंपनी बंद पडली तर?"

"पडली तर पडली. लॉन हाय. जेवायला कमी न्हाय पडायचं."

मला इतका संताप आला की मी चहा न घेता उठलो. ज्या माणसाला पोराच्या जेवणाची काळजी नाही आणि पोराच्या उडण्याचीही नाही, त्याच्याशी बोलायचं काय? मथुराबाई, रणजितची आई, फाटकापर्यंत माझ्यामागे आल्या. "मास्तर, रागावू नगा," म्हणाल्या. "त्यो इमानात बसतो न्हवं, बास झालं." त्या घरात एवढं एकच वाक्य शहाणपणाचं ऐकलं आणि ते कुणी मनावर घेतलं नव्हतं.

रणजितने सही केली नाही. त्या कंपनीला त्याने 'वैयक्तिक कारणामुळे' असं कळवलं. शेफालीने नोटीस दिली, सहा महिने नीलपंखने तिला सूड घेतल्यासारखे भलत्यासलत्या वेळांच्या पाळ्या लावल्या, तिने त्या मुकाट्याने केल्या आणि गेली. रणजितने मला फोन करून सांगितलं की तिच्या जाण्याने त्याचा नंबर आणखी एकाने वर आला. आनंदाने सांगितलं. शेफाली या मुलाची मैत्रीण होती, याची मी त्याला आठवण करून द्यायला हवी होती, पण मी नुसता फोन ठेवला.

आणि गंमत अशी की त्याचं खरं झालं. उन्हाळ्यात त्याला कमांडसाठी बोलावलं. रांगेत त्याच्या वर कुणी उरलंच नव्हतं. डावीकडच्या खुर्चीचं सगळं प्रशिक्षण त्याने पार पाडलं, परीक्षकाबरोबरची उड्डाणं झाली, कागद हातात आला. सोमवारी सकाळी पुणे ते बंगळूर, कॅप्टन रणजित शेवाळे, पहिल्यांदा स्वतःच्या जबाबदारीवर.

गेनबांनी आदल्या रविवारी मिरवणूक ठरवली. खोट्या कॅप्टनचे फ्लेक्स लावून झाले होते, आता खऱ्याला फ्लेक्स कमी पडणार. ढोल-ताशा पथक सांगितलं, उघडी जीप सजवली, आणि वेशीवर फुलं उधळायला दोन जेसीबी. आमच्याकडे पेठेत जेसीबीने खड्डे खणतात. तिकडे त्याच्या लोखंडी पंज्यात झेंडूच्या पाकळ्या भरून वरून माणसाच्या अंगावर ओततात, तेव्हा माणूस मोठा झाला असं धरतात. मलाही आमंत्रण होतं. रणजितने स्वतः फोन केला. "सर, या. तुम्ही नाही आलात तर मी जीपमध्ये बसणार नाही."

शनिवारी दुपारी नीलपंख बंद पडली. विमानं भाड्याने देणाऱ्यांनी उरलेली विमानं परत मागितली आणि कंपनीने सगळी उड्डाणं पुढील सूचना मिळेपर्यंत थांबवली. 'पुढील सूचना मिळेपर्यंत' म्हणजे काय, हे सगळ्यांना कळतं.

मी फोन केला तर संस्कृतीने उचलला. "ते खोलीत आहेत. बोलत नाहीयेत."

"मिरवणूक रद्द केली ना?"

"नाही सर. आबा म्हणतात सगळं बुक झालंय, जेवण शिजायला घातलंय. आणि माझ्या माहेरचे निघालेत. कॅन्सल केलं तर कारण सांगावं लागेल."

"कारण टीव्हीवर सांगतायत."

"हो, पण आपण नाही सांगितलंय ना," ती म्हणाली.

मी गेलो. का गेलो, विचारू नका. हेमा म्हणाली होती, जाऊ नका, पण त्याने बोलावलं होतं.

रविवारी संध्याकाळी वेशीवर रणजित उघड्या जीपमध्ये उभा होता. डोक्यावर फेटा, अंगावर युनिफॉर्म, खांद्यावर चार पट्ट्या, या वेळी खऱ्या. गेनबा शेजारी हात जोडून उभे. ढोल इतके जोरात की पोटात धडधड होत होती. आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्या प्रत्येक माणसाच्या हातात फोन होता आणि प्रत्येक फोनवर नीलपंखची बातमी आलेली होती. गावाला सगळं म्हाईत होतं. तरी लोक आले होते. मला वाटतं, म्हणूनच जास्त आले होते.

"कॅप्टन!" गर्दीतून एक तरुण ओरडला. "इमान कुठं लावलंय? पार्किंगला जागा हाय का?"

"नो पार्किंगमधून उचललं!" दुसऱ्याने उत्तर दिलं.

हसू पसरत गेलं. ढोलवाल्यांनाही कळलं, तेही हसत वाजवायला लागले. रणजित समोर बघत उभा होता. त्याने एकदा जीपमधून उतरायला पाय काढला. गेनबांनी न बघता त्याचं मनगट धरलं आणि ओठ न हलवता काहीतरी म्हणाले. रणजितने पाय परत आत घेतला. मग जेसीबीचा पंजा वर गेला आणि त्याच्या डोक्यावर झेंडूचा ढीग कोसळला. फेटा तिरका झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याने सगळ्यांना नमस्कार केला. मला त्या क्षणी गेनबांच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. मी सत्तरीचा माणूस, कुणावर हात उगारलेला नाही. पण वाटली.

दारात मथुराबाईंनी पोराला ओवाळलं. त्यांच्याकडे फोन नव्हता. "उद्या कितीला उठवू?" त्यांनी विचारलं.

"मी उठेन आपला आपण, आई," तो म्हणाला.

पुढचे महिने वाईट गेले. एकट्या नीलपंखचे शेकडो पायलट बाजारात आले होते. ज्यांच्याकडे कॅप्टन म्हणून उडवलेले तास होते त्यांना कॅप्टन म्हणून घेतलं. रणजितकडे कागद होता, तास नव्हते. तो लॉन्सवर बसू लागला. लग्नाला आलेल्या गाड्या कुठे लावायच्या ते बघायचा. गावातली टवाळ पोरं मुद्दाम गाडी घेऊन यायची आणि काच खाली करून विचारायची, "कॅप्टन, लँडिंग करू का?"

शेफाली त्याला विसरली नव्हती. मला राग येतो तो याचा की पुढे जे झालं ते बघता ती विसरली असती तरी चाललं असतं. ती स्वतः अजून उजवीकडेच बसत होती, पण कंपनीत तिचं नाव चांगलं होतं. तिने खटपट करून रणजितसाठी एक चाचणी मिळवली. को-पायलट म्हणून. "सर, हा शेवटचा चान्स आहे असं समजा," ती मला म्हणाली. "त्याला नीट तयारी करून पाठवा."

मी लोहगावला गेलो. त्याने खोलीच्या भिंतीवर विमानातल्या सगळ्या बटणांचं मोठं चित्र चिकटवलं होतं. पायलट असंच करतात. चित्रासमोर खुर्ची टाकून बसायचं आणि हवेत हात फिरवत सराव करायचा. रणजितने खुर्ची डावीकडे टाकली होती.

"उजवीकडे घे," मी म्हटलं. "परीक्षा उजवीकडची आहे."

"हो सर. पण संस्कृतीकडचे लोक येतात-जातात. खोलीत डोकावतात."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. भिंतीवरच्या चित्रासमोरची प्लास्टिकची खुर्चीसुद्धा त्याला तीन पट्ट्यांच्या जागी ठेवता येत नव्हती. मी ती उचलून स्वतः उजवीकडे ठेवली. मी गेल्यावर ती परत डावीकडे गेली असणार.

चाचणी बंगळूरला होती. तिथून परतल्यावर तो थेट आमच्याकडे आला, सामान घेऊनच. हेमा मंडईत गेली होती. तो सतरंजीवर बसला आणि रडला. मी पाणी दिलं आणि रडू दिलं. मग त्याने सांगितलं.

सिम्युलेटर म्हणजे जमिनीवरचं खोटं विमान. आतलं सगळं खऱ्यासारखं, बाहेर फक्त पडद्यावरची चित्रं. परीक्षक कॅप्टन होऊन डावीकडे बसला, रणजित उजवीकडे. पहिला तासभर सगळं झकास झालं. शेवटी विमान उतरवताना परीक्षकाने मुद्दाम चूक केली. विमान जास्त उंच ठेवलं, वेग जास्त ठेवला. हे ते करतात. को-पायलट काय करतो ते त्यांना बघायचं असतं. उजवीकडच्या माणसाचं काम ठरलेलं आहे. मोठ्याने बोलायचं. गो अराउंड, म्हणजे उतरू नका, परत वर चला. कॅप्टनने ऐकलं नाही तर पुन्हा बोलायचं. तरीही ऐकलं नाही तरच विमान आपल्या हातात घ्यायचं. हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही येतं.

"मला चूक लगेच दिसली, सर," रणजित म्हणाला. "त्याने करायच्याही आधी दिसली असेल. मी सरळ हात घातला आणि विमान वर घेतलं. एकदम क्लीन. धक्कासुद्धा नाही."

"बोललास काय?"

"काहीच नाही."

"का?"

त्याने पाण्याचा पेला खाली ठेवला. मग म्हणाला, "विचारायचं कशाला, असं वाटलं."

परीक्षकाने सिम्युलेटर थांबवलं. विमान फार छान वर घेतलंस म्हणाला. मग म्हणाला, "तू चांगला कॅप्टन होशील. आम्हाला को-पायलट हवा होता." आणि दार उघडून बाहेर गेला.

हेमा भाजीच्या पिशव्या घेऊन आली, त्याचं तोंड बघून काही न विचारता चहाचं आधण ठेवलं. मी शेफालीला फोन लावला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सर, नियमाने सहा महिन्यांनी परत देता येते. मी बोलून ठेवते. फक्त त्याला म्हणावं, बोल. तोंड उघड. बाकी सगळं येतं त्याला." मी हे त्याला शब्दशः सांगितलं. त्याने डोळे पुसले, चहा घेतला. जिना उतरताना थोडा सरळ झाला होता. मलाही वाटलं, चला, अजून संपलं नाही.

मी त्याच्याबरोबर घरापर्यंत गेलो. एकटा सोडवेना. ओसरीवर गेनबा, मथुराबाई आणि संस्कृती होते. रणजितने उभ्या उभ्या सांगितलं, झालं नाही. गेनबांनी दीर्घ श्वास सोडला. दुःखाचा नव्हता तो, मी शेजारी बसलो होतो.

"बरं झालं," ते म्हणाले. "कॅप्टन झालेल्या माणसानं दुसऱ्याच्या हाताखाली जायचं म्हंजी काय?"

मथुराबाई मुलाकडे बघत राहिल्या. संस्कृती आत गेली आणि फोनवर बोलून बाहेर आली. "मम्मीचा फोन होता. सारखी विचारत होती, टेस्टचं काय झालं," ती रणजितला म्हणाली. "मी सांगितलं, त्यांनी ऑफर दिली पण तुम्हीच रिजेक्ट केली. पोझिशन कमी होती म्हणून. कुणी विचारलं तर आता तेच सांगा, प्लीज."

बोलायची वेळ होती, आणि याही वेळी रणजित बोलला नाही. आठवड्याभरात गावभर झालं की कॅप्टनने एवढ्या मोठ्या कंपनीला नाही म्हटलं. गाड्या लावताना चिडवणारी पोरं जरा अदबीने वागू लागली. मला वाटलं, असू दे, तेवढाच आधार.

सहा महिने झाले. शेफालीने जागा धरून ठेवली होती, तारीख पक्की करायला रणजितचा फक्त होकार हवा होता. मी फोन केला तर उचलला नाही, म्हणून लॉन्सवर गेलो. तो मांडववाल्याला सूचना देत उभा होता, थोडा सुटलेला, चेहरा शांत. मी तारीख सांगितली.

"नको सर."

"नको म्हणजे?"

"कसं जाणार? मीच नाही म्हटलं होतं ना त्यांना. आता कुठल्या तोंडाने जाऊ?"

मी त्याच्याकडे बघत राहिलो. हा माझ्या सतरंजीवर बसून रडला होता. तो माझ्याशी खोटं बोलत असता तर मी त्याला चार शब्द सुनावले असते. पण तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या डोळ्यांत तसं काही नव्हतंच. तो मला अगदी मनापासून, मोठ्या माणसाने समजावून सांगावं तसं सांगत होता, आणि मग मांडववाल्याकडे वळून म्हणाला की स्टेज जरा डावीकडे घ्या.